सेपरेटर, स्क्रबर, स्लग कॅचर: नावं पाठ करू नको भाऊ

दारव्ह्याकडच्या भावानं विचारलं आहे की डिप्लोमा झाला, पुढच्या आठवड्यात तेल-गॅसच्या प्लांटवर ऑपरेटरचा इंटरव्ह्यू आहे, तर सेपरेटर, स्क्रबर, नॉक-आउट ड्रम, स्लग कॅचर ही तिथली भांडी सगळी वेगळी का एकच. मी आर्वी तालुक्यातला, २२ वर्षं प्रोसेस ऑपरेशनमध्ये काढली, समुद्रात पण अन् जमिनीवर पण, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो.

आत काय येते अन् पुढं काय जाऊ द्यायचं नाही, एवढं विचारलं की भांडं कोणतं ते समजते.

घाणीवरचं जवसाचं तेल आणलं की आपण दोन-चार दिवस हलवत नाही, गाळ खाली बसू देतो. सेपरेटर तेच काम करते, फक्त प्रेशरमध्ये अन् काही मिनिटांत. तेलाच्या विहिरीतून तेल, गॅस, पाणी, थोडी रेती एकत्रच येते, आत शिरताच डायव्हर्टरवर (तोंडाशी लावलेल्या आडव्या पत्र्यावर) आपटते, वेग मोडतो, गॅस वर निघतो, तेल मधे, पाणी खाली. टू-फेजमध्ये गॅस एकीकडं अन् सगळं लिक्विड एकीकडं. थ्री-फेजमध्ये तेल-पाणी पण वेगळं होते, पाणी वेअर प्लेटच्या (आतल्या बांधासारख्या उभ्या पत्र्याच्या) अलीकडून खालून काढतात अन् तेल प्लेटवरून पलीकडं पडते, धुऱ्यावरून पाणी ओसंडते ना, तसं. हलक्या क्रूडला (कच्च्या तेलाला) ३ ते ५ मिनिटं थांबू दिलं तर साधारण भागते. गॅस निघायच्या तोंडाशी तारेच्या जाळीचा १०० ते १५० मिमी जाड थर असतो, त्याला डेमिस्टर म्हणतात, तो १० मायक्रॉनपर्यंतचे थेंब धरतो.

आता बाकीचे. गॅसच जास्त अन् लिक्विड नावाला असलं की स्क्रबर, कॉम्प्रेसरच्या आधी तो लागतोच, थेंब आत गेले तर मशीनचं नुकसान होते. फ्लेअरच्या (जादा गॅस जाळायच्या उंच चिमणीच्या) आधी नॉक-आउट ड्रम, नाहीतर जळतं तेल वरून खाली पडन. लांब पाइपलाइनमधून लिक्विडचा लोंढा एकदम येते, तो झेलायला स्लग कॅचर. अन् एकेका विहिरीचं उत्पादन मोजायला टेस्ट सेपरेटर. उभं का आडवं विचारतीलच: जागा कमी, रेती जास्त असली तर उभं, गॅस भरपूर, फेस होत असला किंवा तेल-पाणी वेगळं करायचं असलं तर आडवं. मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किमीवर आहे, तिथं डेकवरची जागा मोजूनमापून मिळते, हे इंटरव्ह्यूत सांगशील.

सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याच्या थेंबाचा व्यास दुप्पट झाला की तो चौपट वेगानं खाली बसतो, तेल पातळ असलं तर अजून लवकर. म्हणून हीटर ट्रीटर तेल गरम करून पातळ करते, इलेक्ट्रोस्टॅटिक ट्रीटर विजेनं बारीक थेंब एकमेकांना जोडते, डिमल्सिफायर केमिकल थेंबावरची साय फोडते.

हे मी एका रात्रीच्या शिफ्टला शिकलो. पॅनलवर इंटरफेस लेव्हल (तेल अन् पाणी जिथं भेटते ती पातळी) बरोबर पन्नास टक्के, अन् इकडं पाण्याच्या लाइनमध्ये तेल येऊन राहिलं. मी वारा पाठीशी घेतला, गॅस डिटेक्टर लावला (हे कधीच चुकवू नको, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस असू शकते), अन् सॅम्पलचे नळ एकेक करून काचेच्या बाटलीत उघडले. वरच्यातून तेल, खालच्यातून गढूळ पाणी, मधल्या दोन्हीतून चॉकलेटी, घट्ट, चिकट इमल्शन, म्हणजे तेल-पाणी एकमेकांत मिसळून अडकलेलं. लेव्हल ट्रान्समीटरला तो थर ना तेल वाटे ना पाणी, तो चुकीचं दाखवून राहिला होता. डिमल्सिफायरचा पंप टकटक चालू होता, पण सक्शनचा स्ट्रेनर (पंप केमिकल ओढतो त्या तोंडाची गाळणी) चोंदला होता, केमिकल जातच नव्हतं. स्ट्रेनर साफ केला, पाणी काढणं कमी केलं, सकाळपर्यंत थर पातळ झाला. तेव्हापासून मी पंपाचा आवाज ऐकून पुढं जात नाही, मोजनळीत केमिकल किती उतरलं ते घड्याळ लावून पाहतो.

इंटरव्ह्यूच्या आधी एवढं कर. ट्रॅक्टरच्या डिझेल फिल्टरखाली काचेची वाटी असते, तिच्या तळाशी जमलेलं पाणी पाह्य, तो पण सेपरेटरच आहे. मग दोन बाटल्यांत अर्धं डिझेल अर्धं पाणी घे, चुलीपासून लांब, एकीत चिमूटभर कपडे धुवायची डिटर्जंट पावडर टाक, दोन्ही जोरात हलव अन् पाच मिनिटं थांब. पावडरच्या बाटलीत मधे जो पांढरा थर अडकून राहील, तो नीट पाहून घे, अन् त्याचंच चित्र कागदावर काढून इंटरव्ह्यूत समजावून सांग.