पाण्याकाठी कुत्रा मोकळा सोडण्याआधी

ताई, बडोद्यात कुत्र्याला पाण्याकाठी मोकळं सोडायचं आणि पोहायला शिकवायचं म्हणता, तर आधी जागा बघा. विश्वामित्री नदीच्या काठी कुत्रा मोकळा सोडायचा नाही, कधीच नाही. तिथे मगरी आहेत आणि वरून पाणी शांत दिसलं तरी त्या खाली असू शकतात. पुरात तर त्या वस्तीतही येतात. कुंपण असलेली, कुत्र्यांना परवानगी असलेली जागाच निवडा.

तिथेही सुरुवातीला दहा मीटरची दोरी ठेवा. ती गळपट्ट्याला नाही, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) बांधा. धावताना झटका बसला तर मान दुखावते. हाकेला परत येणं आधी घरात, मग सोसायटीत पक्कं करा. नवे लोक नेमके इथेच चुकतात: फक्त घरी निघताना हाक मारतात. मग हाक म्हणजे खेळ संपला, हे कुत्र्याला लगेच कळतं. मधूनमधून बोलवा, पनीरचा तुकडा द्या, पुन्हा खेळायला सोडा.

बाकी थोडक्यात:
- रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) लस आधी. लेप्टोचे दोन डोस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, नंतर दरवर्षी.
- हिरवा तवंग असलेलं पाणी पिऊ देऊ नका. घरून पाणी न्या.
- परतल्यावर कान कोरडे करा, बोटांच्या फटींत गोचीड बघा.

पोहायला शिकवणं सध्या राहू द्या.