जुन्या गाडीचे नट-बोल्ट, ब्रॅकेट आणि गंज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (भुसावळ) : प्रीमियर पद्मिनीचे ब्रॅकेट आणि बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले. सकाळी धुतले तेव्हा स्वच्छ राखाडी होते, तासाभरात नारिंगी झाले. व्हिनेगर हलकं होतं का?

उत्तर : व्हिनेगरने आपलं काम केलं. किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर, म्हणजे चार-पाच टक्के ॲसिटिक ॲसिड, याला पुरतं. घोळ धुण्यात झाला. ॲसिडातून निघालेलं लोखंड अगदी उघडं असतं. त्यावर ॲसिडचा अंश आणि बोअरच्या पाण्यातले क्षार राहिले की ओल सुकायच्या आत गंज धरतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे थोडंफार खपून जातं, जुलैत नाही.

आधी डिझेलने ग्रीस काढा आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर तेलकट जागी व्हिनेगर पोचत नाही. व्हिनेगरमधून काढल्यावर वर आलेला काळा थर पितळी तारेच्या ब्रशने घासा. मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात दहा मिनिटं बुडवा. शेवटचं विसळणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने, तेही चांगलं गरम करून. तापलेला भाग आपोआप सुकतो. आट्यांत आणि ब्रॅकेटच्या दुमडीत अडकलेलं पाणी मात्र गरम हवेनेच घालवावं लागतं. त्यानंतर लगेच तेलाचा हात फिरवा. हातमोजे घालाच. उघड्या बोटांनी धरलेल्या ब्रॅकेटवर दोन दिवसांनी बोटांचे ठसे गंजात उमटलेले दिसतात.

हे तेल तात्पुरतं आहे. रंग किंवा प्लेटिंगच्या आधी थिनरने पुसून काढा.

प्रश्न (जळगाव) : सगळेच बोल्ट झिंक प्लेटिंगला, म्हणजे विजेने जस्ताचा थर चढवायला, द्यावेत असं मेकॅनिक म्हणतो. देऊ का?

उत्तर : सगळे नाही. आधी बोल्टचं डोकं पुसून आकडा वाचा, तो बोल्टच्या ताकदीचा ग्रेड. ८.८ किंवा त्याखालचे, बॉनेटच्या बिजागऱ्या, बॅटरीची पट्टी, वायसर, क्लिपा खुशाल द्या. १०.९ आणि १२.९ चे बोल्ट, तसंच स्प्रिंगा, बाजूला काढा. प्लेटिंगच्या आधीचं ॲसिड आणि प्लेटिंगची वीज, दोन्हींमुळे हायड्रोजन तयार होतो आणि कडक पोलादात शिरतो. बोल्ट दिसायला झकास असतो, नीट आवळलाही जातो. मग काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही, ताणाखाली तुटतो. यावर उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे २०० अंश सेल्सिअसला निदान चार तास भाजणं. छोट्या दुकानात हे नेमानं होतं का, ते विचारून घ्या. आमचा सल्ला सरळ आहे : स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेकचे असे बोल्ट त्याच ग्रेडचे नवे घ्या. जुनेच वापरायचे तर फक्त वायर ब्रशने साफ करा. त्यांना व्हिनेगरही नको.

द्यायच्या मालाबद्दलही बोलून घ्या. जस्त ८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास पुरे. थर आट्याच्या दोन्ही उतारांवर बसतो, त्यामुळे ८ मायक्रॉनला आट्याचा व्यास साधारण ३२ मायक्रॉनने वाढतो. हावरेपणाने जाड थर मागितला तर नट हाताने चढणार नाही. वर पॅसिव्हेशन, म्हणजे जस्ताला जपणारा रसायनाचा पातळ थर, हवंच; नुसत्या जस्तावर पहिल्याच पावसाळ्यात पांढरी भुकटी येते. माल देण्याआधी मोजा आणि फोटो काढा. बारीक वायसर प्लेटिंगच्या ड्रममध्ये हरवतात. जवळपास सोय नसेल तर नाशिकला सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे चौकशी करा.

प्रश्न (अमळनेर) : दाराच्या बिजागऱ्या पॉलिश करून वर क्लिअर लॅकर मारला तर उघडं लोखंड तसंच चमकत राहील?

उत्तर : नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर लॅकरला पकड नसते. एक ओरखडा पडला की ओल आत जाते आणि लॅकरखाली गंजाच्या बारीक रेषा पसरतात. मग सगळं खरवडावं लागतं. निळसर पॅसिव्हेशनचं झिंक करा, दिसायला जवळपास तेच.

प्रश्न (शहादा) : भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरची वीज सोडून गंज काढतो. लोखंडी भाग छान निघाले, पण दाराचं हँडल काळवंडलं. दुसऱ्या टोकाला स्टीलचा चमचा लावला होता.

उत्तर : चमचा आधी काढा. स्टेनलेस स्टीलमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ते पाणी मोरीत किंवा शेतात ओतू नका. त्याजागी साध्या लोखंडाची पट्टी किंवा सळई लावा, पण जस्ताचा थर असलेली नको. भाग निगेटिव्हला, पट्टी पॉझिटिव्हला; दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नको. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा बास. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. कडक बोल्ट आणि स्प्रिंगा इथेही वर्ज्य.

हँडल बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असणार. असे भाग, कार्बुरेटर आणि ॲल्युमिनियमचं काहीही सोड्यात किंवा व्हिनेगरमध्ये घालायचं नाही, ते खाल्लं जातं. साबणपाणी आणि मऊ ब्रश एवढंच. क्रोम सुटलं असेल तर नव्याने तांबं, निकेल, क्रोम चढवणाऱ्याकडे द्या.

प्रश्न (यावल) : ब्रॅकेटवर फवारलेला काळा रंग खरखरीत का येतो?

उत्तर : दुपारी मारत असाल. ४४-४५ अंशात थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतात. सकाळी आठच्या आत, सावलीत ठेवलेल्या भागावर मारा आणि थिनर सावकाश उडणारं घ्या.