आधी वाजवून घे

बाय,

रविवारी तू लॅपटॉप घेऊन आलीस, तू लिहिलेला ऑर्केस्ट्राचा तो सतरा मिनिटांचा पीस ऐकवलास आणि चहा गार होईस्तोवर एकच विचारत बसलीस, गोव्यात राहू की बाहेर जाऊ, मास्टर्स करू की नको. तेव्हा मी गप्प बसलो, रात्री पडल्यावर सुचलं. तो पीस अजून कोणी वाजवलाय का गं? सॉफ्टवेअरने वाजवला ते सांगू नकोस, सॉफ्टवेअर काहीही वाजवतं, त्याला ना दम लागतो ना हात दुखतो.

माझंच सांगतो. १९९१ साली मी एक स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांनी वाजवायचं, आणि मोठ्या ऐटीत मडगावच्या एका म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ धरला आणि तिसऱ्या ओळीत बोट ठेवलं. दो-रे-मी सरगमातला खालचा ला आणि त्याच्या वरचा दो, दोन्ही एकदम. म्हणाला, "हे दोनूय सूर एकेच तारेर. वाजोवचे कशे?" खरंच की, दोन्ही सूर सोलच्या जाड तारेवरच, पुढची तार रे पासून सुरू होते, आणि एका तारेवर एका वेळी एकच सूर. मी पेटीवाला, दोन पट्ट्या दाबल्या की झालं. त्याने चूक दाखवली होती, मी अपमान समजलो, वही उचलून बसने फोंड्याला परत. मग 'चांगले वाजवणारे मिळाले की बघू' म्हणत ती ट्रंकेत ठेवली, पंचवीस पावसाळे तिथेच, अर्धी शाई पसरली.

म्हणून सांगतो, वाजवून घे. वाईट वाजवतील, तरी घे.

आपल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवाले अँथनी गोन्साल्विस बघ. मुंबईत दिवसभर सिनेमाची रेकॉर्डिंगं करायचे आणि रागांवरच्या आपल्या रचना वाजाव्यात म्हणून १९५८ मध्ये त्यांनी स्वतःच ऑर्केस्ट्रा उभा केला. तिकडे न्यूयॉर्कला संगीतकार फिलिप ग्लास, प्लंबिंग केलं, टॅक्सी चालवली, पण १९६८ मध्ये स्वतःचा ग्रुप काढून आपलं आपण वाजवत राहिला. १९७६ मध्ये त्याचा ऑपेरा तिथल्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, हाउसफुल्ल, वर कर्ज, आणि हा परत टॅक्सीवर! त्याला विचार ग्रँट मिळाल्यावर सुरू केलंस का म्हणून.

तू म्हणशील मग तुम्ही का नाही गेलात मुंबईला. आई आजारी होती, नोकरी होती, आणि खरं सांगू, जत्रेतल्या नाटकांना पेटीवर बसायचो त्यात मला कमीपणा कधीच वाटला नाही. पदाला चाल लावली की त्याच रात्री मांडवात कळायचं, लोक पुढे सरकतायत की भजी खायला उठतायत. एवढं रोज बघून क्वार्टेटच्या बाबतीत मात्र मला अक्कल आली नाही. इस्टोनियाचा संगीतकार आर्वो पार्टसुद्धा १९६८ नंतर आठ वर्षं जवळपास गप्पच होता, असं मी लोकांना ऐकवायचो. पण तो त्या वर्षांत जुनं चर्चसंगीत घोटत होता, मी सोप्यावर बसून पेपर वाचत होतो. असो.

बाहेर जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण सतरा मिनिटं न वाजलेली घेऊन गेलीस तर तिथेही न वाजलेलीच राहतील, हे मी कितीदा सांगू?

त्यातली मधली दोन मिनिटं काढ, जिथे सगळे थांबतात आणि क्लॅरिनेट आणि चेलोच उरतात. चांगली जागा आहे ती, तुला माहीत नाही किती चांगली. दोघांसाठी लिहून कागदावर आण, ठळक, पान उलटायला एखादा बार, म्हणजे तालाचं एक घर, मोकळा ठेव. फेस्तांच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला ओळखीचा आहे, फोन केलाय, मंगळवारी मोकळा असतो. त्याचं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं, लिहिलंय त्याच्या एक पूर्ण सूर खाली वाजतं, म्हणजे तेवढंच वर चढवून लिही, नाहीतर तिथेच भांडण. चेलोवाला तू शोध.