'व्हेंटेड बॉनेट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: 'व्हेंटेड बॉनेट'ला, म्हणजे हवेसाठी भोके ठेवलेल्या बॉनेटला, 'हवेशीर बॉनेट' म्हणावे का, आणि त्याने इंजिन ओढते ती हवा साध्या बॉनेटपेक्षा गार राहते का?

'हवेशीर' नको. हवेशीर खोलीत वारा खेळतो. तो शिरतो कुठून आणि निघतो कुठून, हे त्या शब्दातून कळत नाही. इथे तर सगळे दिशेवरच आहे. पहिल्या फॉर्च्युनरच्या (भारतात २००९) बॉनेटवरचा उंचवटा पुढे तोंड करून वारा गिळतो आणि खालच्या इंटरकूलरवर (टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीवर) सोडतो. तो स्कूप. एका बाजूने उघड्या सुपासारखा दिसतो, म्हणून 'सूपतोंडी' मला आवडेल. व्हेंटचे काम उलटे: रेडिएटरमधून तापून आलेली हवा बाहेर सोडणे. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, साणे. धाब्याच्या घराच्या छतातले धूर जाण्याचे भोक. काही भागांत सवणे. 'साण्याचे बॉनेट' म्हटले की काम लगेच कळते.

आता 'गार'. साणे हवा गार करत नाही, तापू देत नाही, आणि तेही मुख्यतः सिग्नलला किंवा घाटात रेंगाळताना. एअर फिल्टरची नळी ग्रिलमागून बाहेरची हवा घेत असेल, तर धावत्या गाडीत साध्या बॉनेटनेही फारसे बिघडत नाही. नळी इंजिनच्या कप्प्यातच उघडत असेल तर फरक पडतो: ३० ऐवजी ४० अंशांची हवा आत गेली की तिची घनता सुमारे ३ टक्के घटते.

जागा चुकली तर साणे उलटे चालते. काचेच्या पायथ्याशी वारा अडून दाब वाढतो (केबिनची हवा म्हणूनच तिथून घेतात). तिथे भोक पाडले तर हवा आत घुसते. रेडिएटरच्या जरा मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात दाब बहुधा कमी असतो. पण कापण्याआधी मोजा. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून थोडे पाणी भरा. एक टोक बॉनेटच्या पृष्ठभागाला लागून चिकटवा, दुसरे कप्प्यात सोडा. चालत्या गाडीत कप्प्याकडच्या बाजूचे पाणी खाली गेले, तर हवा तिथून बाहेर पडेल. ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाबच जेमतेम ४७ मिलिमीटर पाण्याइतका असतो, म्हणून काही मिलिमीटरचा फरकही मोलाचा. वाचन सोबत्याने करावे.

आणि साण्याखाली पन्हळ हवीच. नाहीतर पावसाळ्यात उभ्या गाडीत पाणी थेट अल्टरनेटरवर आणि प्लगच्या खळग्यांत उतरते.