विश्रांतीनंतरही न जाणारा थकवा

प्रश्न : सुट्टी घेऊनही थकवा जात नाही, पहाटे तीनलाच जाग येते आणि एकेकाळी आवडीने केलेल्या कामाचा आता तिटकारा येतो. तपासण्यांत काही निघाले नाही. हा माझा आळस समजावा का?

उत्तर : मुळीच नाही. ताण आला की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके सोडते. प्रसंग सरल्यावर त्यांची पातळी उतरणे अपेक्षित असते, परंतु रोजच्या लहानसहान ताणांना खंडच पडला नाही, तर झोप मोडते, स्नायू आखडतात, पचन बिघडते आणि रक्तदाबही वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमता घटणे, ही त्याची तीन अंगे आहेत. यांतील दुरावा पटकन ध्यानात येतोच असे नाही, आणि तुमच्या पत्रात मला त्याचीच अधिक काळजी वाटते. केवळ सुट्टीने हे भरून येत नाही, कारण परतल्यावर बोजा तोच असतो. म्हणून कामाच्या वाटणीविषयी वरिष्ठांशी स्पष्ट बोला. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा, कारण नैराश्याची लक्षणे अशीच दिसतात आणि त्यावर वेगळे उपचार लागतात.