आहारातील मेदाम्ले बदलल्याने उतारवयातील स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होतो का?

आईला स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यानंतर, स्वतः पंचेचाळिशीत असताना, आपण स्निग्ध पदार्थ सोडावेत का आणि ओमेगा-३ च्या (मेद ज्या मेदाम्लांचा बनतो त्यांचाच एक प्रकार, मुख्यतः माशांत असणारा) कॅप्सूल आपण व आई दोघांनीही सुरू कराव्यात का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, परंतु या विषयावरील संशोधन बरीच वर्षे वाचत आलो आहे. ते वाचून माझे मत असे झाले आहे की स्निग्ध पदार्थ सोडण्यापेक्षा त्यांचा प्रकार बदलणे, आणि तो मध्यम वयातच बदलणे, याला बऱ्यापैकी आधार आहे. कॅप्सूलला मात्र जवळजवळ नाही.

या विषयावर उलटसुलट बातम्या का येतात हे समजून घ्यायचे असेल, तर नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झालेल्या एकाच अभ्यासाचे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहावेत. तेथे ५५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक रहिवाशांचा आहार नोंदवण्यात आला आणि पुढे त्यांच्यापैकी कोणाला स्मृतिभ्रंश होतो हे पाहण्यात आले. सरासरी दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९७ मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यात संपृक्त मेद (लोणी, चरबीयुक्त मांस यांत जास्त असणारा) आणि कोलेस्टेरॉल जास्त खाणाऱ्यांना धोका अधिक, तर मासे खाणाऱ्यांना कमी दिसला. सरासरी सहा वर्षांनंतरचे विश्लेषण २००२ मध्ये आले, तेव्हा त्याच लोकसमूहात कोणत्याही प्रकारच्या मेदाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसेना. माणसे तीच आणि प्रश्नावलीही तीच, बदलली ती फक्त पाठपुराव्याची मुदत. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत सामान्य प्रकारात मेंदूतील बदल लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू झालेले असतात, त्यामुळे नोंदणीनंतर दोनच वर्षांत ज्यांचे निदान झाले त्यांचा आजार आहाराची नोंद होत असतानाच आत शिरलेला होता, आणि अशा व्यक्तीचे खाणे, भूक व काय खाल्ले याची आठवण यांवर आजाराचाच परिणाम झालेला असू शकतो. म्हणजे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेच तेथे उलटे होण्याची शक्यता राहते.

म्हणून मी अशा बातमीत सर्वांत आधी हे पाहतो की आहार कोणत्या वयात मोजला. फिनलंडमध्ये सुमारे दीड हजार लोकांची मध्यम वयात पाहणी करून सरासरी २१ वर्षांनी त्यांची पुन्हा तपासणी झाली. ब्रेडला लावायच्या लोण्यासारख्या पदार्थांतून संपृक्त मेद घेणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळला, विशेषतः अल्झायमरचा धोका वाढवणारे एपीओई-४ हे जनुकरूप असलेल्यांत. हाही निरीक्षणावर आधारलेला अभ्यासच आहे, त्यामुळे त्याला पुरावा म्हणताना हात आखडता घ्यावा लागतो. पण निदान आहार योग्य दशकात मोजलेला आहे.

खाल्लेला मेद थेट मेंदूत जाऊन साचतो, ही समजूत मात्र काढून टाकावी. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो आणि रक्तातील कोलेस्टेरॉलला तेथे जवळजवळ प्रवेश नसतो. मार्ग रक्तवाहिन्यांचा आहे: संपृक्त मेदाने एलडीएल (रक्तातील ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढते, त्याने धमन्या बिघडतात, मेंदूचा रक्तपुरवठा खालावतो आणि लहान-मोठे आघात होत राहतात. वृद्धांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल व रक्तवाहिन्यांची हानी ही दोन्ही बऱ्याचदा एकत्रच सापडतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत मध्यम वयातील वाढलेले एलडीएल नव्याने घातले, आणि हे सर्व दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा अंदाज मांडला. (हा आकडा संपूर्ण समाजाचा आहे, एका माणसाच्या धोक्यातून ४५ टक्के वजा होतात, असा त्याचा अर्थ नाही.)

ट्रान्स मेदाबद्दल (तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना तयार होणाऱ्या मेदाबद्दल) फारसा वाद नाही. हृदयासाठी तो घातक आहे हे पक्के आहे, आणि जपानमधील हिसायामा येथील अभ्यासात रक्तात त्याची खूण जास्त असलेल्यांना स्मृतिभ्रंशही अधिक झाला. तो टाळावा, इतकेच.

ओमेगा-३ चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ओमेगा-३ पैकी डीएचए हे मेदाम्ल मेंदूतील पेशींच्या आवरणाचा मोठा घटक आहे, त्यामुळे आशा वाटणे स्वाभाविकच होते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ८९९ ज्येष्ठांचा सरासरी नऊ वर्षे पाठपुरावा केल्यावर, रक्तात डीएचए सर्वाधिक असलेल्या पाव गटाला स्मृतिभ्रंशाचा धोका ४७ टक्के कमी दिसला. पण नियमित मासे खाणाऱ्या माणसाचे शिक्षण, उत्पन्न, व्यायाम आणि बाकीचे जेवणही वेगळे असते, आणि आकडेमोडीतून हे सगळे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून प्रत्यक्ष कॅप्सूल दिल्या, तेव्हा चित्र पालटले. फ्रान्समध्ये सत्तरीपुढील १,६८० लोकांवर तीन वर्षे झालेल्या चाचणीत रोज सुमारे ८०० मिलिग्रॅम डीएचए घेणाऱ्यांची बुद्धी इतरांपेक्षा लक्षणीय टिकली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत या हेतूने बहु-असंपृक्त मेदाम्लांच्या (ओमेगा-३ त्यांतच मोडते) पूरक गोळ्या घेऊ नयेत, असेच म्हटले आहे. शिवाय मोठ्या मात्रेत ओमेगा-३ घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हे हृदयरोगाच्या चाचण्यांत दिसलेले आहे, तेव्हा ‘निदान तोटा तरी नाही’ हा युक्तिवादही टिकत नाही.

आपल्यापुरते सांगायचे तर आधी एलडीएल आणि रक्तदाब तपासून घ्यावेत. लोणी, चरबीयुक्त मांस आणि वनस्पती तुपात तळलेले तयार पदार्थ यांच्या जागी असंपृक्त मेद असलेली (शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल अशी) तेले, अक्रोड-बदामासारखा सुकामेवा आणि खात असल्यास मासे आणावेत. येथे ‘जागी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण लोणी कमी करून ती भूक मैदा आणि साखरेने भागवली, तर हृदयालाही काही लाभ होत नाही. मासे खात नसाल तर हे लक्षात असू द्या की जवस व अक्रोडातील ओमेगा-३ चे शरीरात डीएचएमध्ये रूपांतर फारच थोडे होते. ते पदार्थ उत्तम आहेत, पण माशांचा पर्याय म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

आईबाबत माझा सल्ला बराच वेगळा आहे. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या ४०२ रुग्णांना अठरा महिने रोज २ ग्रॅम डीएचए किंवा नक्कल गोळी देणारी अमेरिकन चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि डीएचएने आजाराची गती मंदावली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या आजारात नकळत वजन घटत जाणे फार सामान्य आहे, त्यामुळे त्यांच्या ताटातील स्निग्ध पदार्थ आपल्या धोरणानुसार कमी करू नयेत. त्यांना आवडणारे आणि पुरेशी ऊर्जा देणारे अन्न मिळते आहे ना, हे पाहावे, दर महिन्याला वजन नोंदवावे आणि ते उतरत असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती नोंद दाखवावी.