बिअरहोफचे उदाहरण आणि बारावीनंतरचा प्रवेश

सप्रेम नमस्कार,

आपला मुलगा बारावीला आहे, कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून आघाडीला खेळतो आणि ‘जर्मनीचा ऑलिव्हर बिअरहोफ सत्ताविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात आला, मग मला पदवीची घाई कशाला?’ असे म्हणून महाविद्यालयात प्रवेश घ्यायलाच नकार देतो, असे आपण कळवले आहे. उदाहरण त्याने चांगले निवडले आहे. फक्त अर्धेच सांगितले आहे.

युर्डिंगेन, हॅम्बुर्ग, म्योन्शनग्लाडबाख अशा जर्मन क्लबांत जम न बसल्याने बिअरहोफ १९९० मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्गला गेला. तिथल्या गोलांमुळे त्याला इटलीत संधी मिळाली खरी, पण आस्कोलीचा संघ पहिल्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि पुढचे तीन हंगाम त्याने तिथेच काढले. इटलीतल्याच उदिनेसे क्लबकडून खेळत असताना फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याचे राष्ट्रीय पदार्पण झाले. त्याच वर्षी ३० जूनला, वेम्ब्लीवरील युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने चेक प्रजासत्ताकाविरुद्ध हेडरने बरोबरी साधली आणि जादा वेळेत डाव्या पायाचा फटका मारला, जो गोलरक्षकाच्या हातांतून निसटून जाळ्यात गेला. गोलरक्षकाने तो अडवायला हवा होता, असे माझे मत. यशात नशिबाचा असाही वाटा असतो.

उरलेली अर्धी गोष्ट अशी की व्यावसायिक फुटबॉल खेळतानाच त्याने हागेनच्या दूरशिक्षण विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापनाला नाव नोंदवले होते. अभ्यास रेंगाळला, सव्वीस सत्रे लागली, पण २००२ मध्ये, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, पदवी हाती आली. २००४ पासून २०२२ पर्यंत त्याने जर्मन संघाच्या व्यवस्थापनाची धुरा सांभाळली. ते पद पदवीमुळेच मिळाले असे मी म्हणणार नाही, त्याच्या नावाचा वाटा मोठाच होता. परंतु प्रायोजक आणि नियोजन यांच्याशी रोजचा संबंध येणाऱ्या त्या कामात हे शिक्षण वाया गेले नसणार. शिवाय त्याचे वडील एका मोठ्या वीज कंपनीत वरिष्ठ अधिकारी होते, म्हणजे वाट पाहण्याची ऐपत घरात होती. आपल्या घरी ती किती वर्षांची आहे, हे मुलाला आकड्यांत सांगावे.

तेव्हा खेळ सोडायला लावू नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत वाणिज्य शाखेला त्याचे नाव नोंदवा. तिथेही पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत असते, ती प्रवेशापूर्वीच पाहून घ्यावी. तो कोणत्या स्तरापर्यंत खेळू शकेल, याबद्दल त्याच्या तालमीशी संबंध नसलेल्या एखाद्या प्रशिक्षकाचे स्पष्ट मत घ्यावे आणि ते ऐकताना मुलगा समोर असावा.